राहीबाईच्या डब्यातली पाचवी फ्लॉपी

मित्रांनो, कोठीतल्या कोपऱ्यात ती कोंबडी फुगून बसली आहे ना, तिच्याखालची पत्र्याची पेटी म्हणजे मी. मी एक जुना कॉम्प्युटर आहे. कोंबडीला हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी ती उठली नसती. माझी तिच्याबद्दल तक्रारही नाही. मी जिवंत होतो तेव्हा फार गरम व्हायचो, पंखा सारखा घुरघुरायचा. आता ऊब ती देते. पोटातल्या तारा काढून नेल्या, पडदा कुणी तरी मागून नेला. उरली ती पेटी, आणि पेटीच्या उजव्या कोपऱ्यावर लाल कुंकवाचा एक ठिपका. त्या ठिपक्याचीच गोष्ट सांगतो. घाई असेल तर आत्ताच उठा, कारण मला घाईने सांगता येत नाही.

माझा जन्म एक्क्याण्णव साली हैदराबादच्या एका दुकानात झाला. जन्म कसला, जुळणी. लिहिलेलं साठवणारी तबकडी एका देशाची, पडदा दुसऱ्या देशाचा आणि पेटी मागच्याच गल्लीतली. एका माणसाने चार स्क्रू आवळले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चलेगा." आशीर्वाद म्हणून मला एवढंच मिळालं.

पहिली तीन वर्षं बेल्लमपल्लीला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात गेली. तिथे कोळशाची धूळ चहाच्या कपातसुद्धा उतरते, मग माझं काय घेऊन बसलात. कोणाची कोणती पाळी, याच्या याद्या मी छापायचो. नवा कॉम्प्युटर आला तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली. त्या ऑफिसात माणिक नावाचा कारकून होता. त्याने साहेबांना विचारून मला सतरंजीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन आपल्या गावी आणलं. बोरखेडी गाव, आदिलाबादहून बसने पाऊण तास. रस्ताभर लोक विचारत होते, "काय हाये हे?" आणि माणिक सांगत होता, "बाबासाठी हाये." त्यावरून मला वाटलं होतं की आपण काही तरी औषध आहोत.

बाबा म्हणजे उद्धवराव. मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर. उंच, वाळके, आणि बोलताना समोरच्याला फळ्यासमोर उभं केल्यासारखे प्रश्न विचारणारे. त्यांच्या खोलीत कपाटभर चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक तेलुगू शब्द, समोर मराठी अर्थ. बावीस वर्षं ते शब्द गोळा करत होते, आणि त्याला कारण होता धोंडीबा नावाचा त्यांचा एक विद्यार्थी. मराठी शाळेत तो पहिला यायचा. पुढचं शिक्षण तेलुगूतून होतं; तो शिकायला गेला आणि दिवाळीला आपली कपड्यांची पेटी घेऊनच परत आला. "गुरुजी," तो म्हणाला, "मले गनित येते. पन ते कोन्तं गनित सांगून राह्यले, तेच समजत नाई." तो पुन्हा गेलाच नाही. उद्धवरावांना ते फार लागलं होतं. पुढच्या पोरांच्या हातात एक शब्दपुस्तक द्यायचं, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

पण मित्रांनो, दोन गोष्टी त्यांच्या मागे लागल्या होत्या. एक, कपाटाला उधळी, म्हणजे वाळवी, लागली. आज 'क'च्या चिठ्ठ्या खाल्ल्या, उद्या 'ग'च्या. दुसरी त्याहून वाईट. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आहे ती नजर दोन-तीन वर्षांची. म्हणजे पुस्तक आत्ता झालं तर झालं. ते गेलं तर पुन्हा लिहायला डोळे नव्हते.

टंकलेखन करायच्या त्या आशाबाई, माणिकच्या बायको. निर्मलच्या एका मराठी दुकानदाराची लेक. शिक्षण तेलुगूत, बोलणं मराठीत, आणि बोटं इतकी हलकी की माझी बटणं दबली हे मलाच नंतर कळायचं. घरात मी आलो त्या दिवशी त्यांनी ओल्या फडक्याने माझी कोळशाची धूळ पुसली. ते फडकं चार पाण्यांत निघालं नाही.

पहिली अडचण अशी झाली की मराठी लिहिणारा प्रोग्राम आणि तेलुगू लिहिणारा प्रोग्राम एकत्र नांदेनात. एक उघडला की दुसरा बंद. तेव्हा आदिलाबादच्या दुकानातून दौलत आला. हा दौलत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि तोंडात सतत सुपारी धरून बोलायचा. त्याने दिवसभर बसून माझ्यात दोन खोट्या कॉम्प्युटरांची मांडणी केली. पेटी एकच, पण एक बटण दाबलं की मी मराठी कॉम्प्युटर, दुसरं दाबलं की तेलुगू कॉम्प्युटर. दोघांनाही वाटायचं की ही पेटी आपल्या एकट्याचीच. एक अडकून बसला तरी दुसऱ्याचं काम चालू राहायचं.

उद्धवरावांनी डोळे बारीक करून पडदा पाहिला. "म्हंजे अंगात येते तसं," ते म्हणाले. "मानूस एकच, पन कधी एक बोलते, कधी दुसरं."

"तसंच समजा गुरुजी," दौलत म्हणाला.

मास्तरांना ही युक्ती भलतीच आवडली. त्यांनी लगेच हिशेब लावला. मराठी कॉम्प्युटरात पुस्तक, त्याची एक प्रत तेलुगू कॉम्प्युटरात. एक मेला तरी दुसरा आहे. महिनाभर ते या समाधानात होते. पुढच्या खेपेला आशाबाईंनी दौलतला सहज विचारलं, तर त्याच्या तोंडातली सुपारी पडायची बाकी राहिली.

"अवो ताई, वरून दोन दिसते, पोट एकच हाये! तबकडी एकच. पोट फुटलं का दोघंबी गेले."

उद्धवराव म्हणाले, "आपन ज्वारीचं बी सगळं एका कनगीत ठेवतो का?"

"नाई," देवकाबाई आतून म्हणाल्या. या मास्तरांच्या बायको. "निम्मं आपल्याकडं, निम्मं राहीबाईकडं."

"मंग?"

तर अशी आमच्या घरची शिस्त ठरली. त्या गावांमध्ये पेरणीचं बी दोन घरांत ठेवायची रीत होती. एका घराला आग लागली, पाणी शिरलं, तर दुसऱ्या घरचं बी उरतं. राहीबाई म्हणजे उद्धवरावांच्या धाकट्या बहीण, तीन कोसांवर हिवरीला राहायच्या. वांगी-मेथी पिकवायच्या आणि दर सोमवारी आमच्या गावच्या बाजाराला यायच्या. आशाबाईंनी पाच फ्लॉप्या आणल्या. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चपटी डबी. आत काळी चकती, आणि ती झाकायला चांदीसारखी सरकती पट्टी. सगळं शब्दपुस्तक एकीवर मावायचं. पाचही जणींवर शाईने नंबर घातले. एक ते चार घरात. पाचवी राहीबाईंकडे, ज्वारीच्या बियाण्याच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यासकट. दर सोमवारी भाजी संपली की राहीबाई टोपलं घेऊन यायच्या, कमरेच्या पिशवीतून पाचवी काढून द्यायच्या. आशाबाई तिच्यावर नवे शब्द चढवून परत द्यायच्या.

"हे चपटं बी पेरतं कधी वं?" राहीबाई दर वेळी विचारायच्या, आणि दर वेळी स्वतःच हसायच्या.

ती दोन वर्षं माझी चांगली गेली, हे मान्य केलं पाहिजे. सकाळी उद्धवराव खाटेवर बसून चिठ्ठी डोळ्याशी धरून वाचायचे, आशाबाई लिहायच्या. 'आविरि' म्हणजे वाफ. 'वेरु' म्हणजे मूळ. नुसता अर्थ देऊन मास्तरांचं समाधान होत नसे. पुढे एखादं वाक्य टाकल्याशिवाय शब्द संपायचाच नाही. 'वित्तनम' या शब्दापुढे त्यांनी लिहून घेतलं: "बी. निम्मं घरी ठेवावं, निम्मं बहिणीच्या घरी." आशाबाई म्हणाल्या, "मामंजी, हा अर्थ नाई झाला." ते म्हणाले, "पोरगं इसरनार नाई, मंग झाला." गावातले लोक मला बघायला यायचे. एक म्हातारा तर मला नमस्कार करून गेला. मी काही बोललो नाही. बोलायची सोयच नव्हती.

लिहून झालेली चिठ्ठी ठेवायची नाही, असं ठरलं होतं, कारण तिच्याबरोबर उधळी घरभर फिरायची. ती चिठ्ठी चुलीत जायची. बावीस वर्षांच्या चिठ्ठ्यांवर त्या घराचं अंघोळीचं पाणी तापलं. देवकाबाईंना ते बघवत नसे. "सगळं जीवन जाळून राह्यलो आपन," त्या म्हणायच्या. "आता या डब्यातच हाये का नाई सगळं? पक्कं?" आणि माझ्याकडे अशा बघायच्या, जसं काही मीच त्यांना शब्द दिला होता.

शहाण्णव सालच्या दसऱ्यापर्यंत नऊ हजार शब्द झाले होते. नांदेडचा एक छापखानेवाला दिवाळीनंतर फ्लॉपी घेऊन छापायला तयार होता. उद्धवरावांना तोवर मोठा फळासुद्धा धूसर दिसायला लागला होता. पण काम हाताशी आलं होतं, म्हणून ते खुशीत होते.

खंडेनवमीला त्या घरात सगळ्या अवजारांची पूजा असते. विळा, कोयता, पाटा-वरवंटा, मास्तरांचं शाईचं पेन. घरात जे राबतं ते त्या दिवशी पाटावर येतं. आशाबाई दसऱ्यासाठी माहेरी निर्मलला गेल्या होत्या. देवकाबाईंनी ठरवलं की सून नाही तर तिच्या अवजारांची पूजा आपण करायची, आणि कमी काही ठेवायचं नाही. पाचही फ्लॉप्या पाटावर हव्यात म्हणून त्यांनी हिवरीला निरोप धाडला. उलट निरोप आला की राहीबाईंच्या सुनेला परवाच मुलगी झाली. म्हणजे त्यांच्या घरी सुवेर. बाळ जन्मलं की दहा दिवस त्या घरची वस्तू देवाच्या पाटावर ठेवत नाहीत. पाचवी तिथेच राहिली.

"बिचारी एकटीच बिनापूजेची राह्यली," देवकाबाई हळहळल्या.

मला त्यांनी झेंडूची माळ घातली. तिथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी पहिली फ्लॉपी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि ती चांदीची पट्टी बोटाने सरकवली. आत काळी चकती दिसली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे तं वरची खोळ हाये! खोळीची पूजा करते का कोनी?" आणि ओलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी चकतीवरच टेकवलं. बरोबर मधोमध नाही, पण मनापासून. दुसरीलाही तसंच. तिसरीची पट्टी सटकली आणि नखात बसली, म्हणून तिसरीला आणि चौथीला वरूनच लावलं. मग हात जोडून त्या पुटपुटल्या, "याइचे डोळे राहू दे देवा. आन् डोळे नाई तं हे पुस्तक तरी राहू दे."

मास्तर शेजारीच बसले होते. त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. त्या बाईंचा मला राग आला नाही, आजही येत नाही. पण मी घाबरलो, हे खरं सांगतो.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी माझी तबकडी खट-खट वाजायला लागली आणि दुपारी थांबली. काही विशेष झालं नव्हतं. बेल्लमपल्लीची धूळ, एसटीतले धक्के, वय. माझ्यातले दोन्ही कॉम्प्युटर एकदमच गेले. दौलतने सांगितलं होतं तसंच. आशाबाई तोवर परतल्या होत्या. दोन दिवसांनी दौलत नवी तबकडी घेऊन आला, बसवून दिली आणि घड्याळ बघत म्हणाला, "आता फ्लॉपी घाला ताई, सगळं वापस येते. मी शेवटची बस धरतो."

आशाबाई शांत होत्या. "काऊन घाबरता मामंजी?" त्या म्हणाल्या. "घरात चार हायेत." त्यांनी पहिली फ्लॉपी माझ्या तोंडात सरकवली.

आता हे नीट ऐका. माझ्या तोंडात एक बारीक जीभ असते. ती चकतीला टेकते आणि फिरत्या चकतीवरचं वाचते. पहिलीवर कुंकू वाळून खपली झाली होती. खर्रर्र आवाज झाला, खपली सुटली आणि माझ्या जिभेला चिकटली. पडद्यावर मी लिहिलं, वाचता येत नाही. आशाबाईंनी दुसरी घातली. पुन्हा तेच. मग तिसरी. तिसरी आतून स्वच्छ होती. पण माझी जीभ आता कुंकवाने खरखरीत झाली होती आणि तिने ती चकती गोल गोल खरवडून काढली. चौथीचंही तसंच झालं. मला सगळं कळत होतं. ओरडून सांगावं असं वाटत होतं, आणि मला येत होतं ते एकच वाक्य, वाचता येत नाही. चारही फ्लॉप्या मीच खाल्ल्या, मित्रांनो. ते मी कोणावर ढकलणार नाही.

उद्धवराव खाटेवर बसून आवाज मोजत होते. "किती राह्यल्या?"

"एक," आशाबाई म्हणाल्या. "राहीआत्याकडची."

मास्तर म्हणाले, "चिठ्ठ्या जाळल्या आपन." आणि ते रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे, तोंड न झाकता. आशाबाईंना कुठे बघावं कळेना. देवकाबाई दारात उभ्या होत्या; त्यांनी येऊन नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून दिला.

सोमवारी राहीबाई आल्या. सुवेर फिटलं होतं, नातीचं बारसं झालं होतं, त्या आनंदात होत्या. घरातले चेहरे पाहून त्यांनी टोपलं खालीच ठेवलं आणि न बोलता पिशवीतून पाचवी काढून दिली. तिच्या पट्टीत ज्वारीचं फोलपट अडकलं होतं. आशाबाईंनी ते फुंकून काढलं. आधीच्या चार का गेल्या हे त्यांना ठाऊक नव्हतं. फ्लॉप्याच खराब निघाल्या असतील, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी पाचवी माझ्या तोंडाशी आणली. मी तोंड मिटू शकलो असतो तर त्या क्षणी मिटलं असतं.

"थांब वं! थांब म्हनते ना!"

देवकाबाई अंगणातून धावत आल्या. त्या उन्हात बसून त्या चार फ्लॉप्या एकेक करून उघडून बघत होत्या. का, ते त्यांचं त्यांनाच माहीत. बहुधा राहवत नव्हतं म्हणून. त्यांनी आशाबाईंचं मनगट धरलं.

"आधी माहं ऐका," त्या म्हणाल्या. मित्रांनो, त्या गप्प बसल्या असत्या तर यात त्यांचा हात होता हे कधीच कोणाला कळलं नसतं. दोष माझ्या वयावर, फ्लॉपीवर, नशिबावर गेला असता. त्या गप्प बसल्या नाहीत. "नवमीच्या दिवशी म्या याइले कुंकू लावलं. वरून नाई. आतून. त्या काळ्या चकतीवर."

आशाबाईंच्या तोंडून "आई!" एवढंच निघालं. राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. आता मास्तर काय बोलतात याची सगळे वाट बघत होते. मास्तरांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. चिडले होते, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण चाळीस वर्षांची सवय कुठे जाते.

"कोन्त्या कोन्त्या नंबरले लावलं?" त्यांनी विचारलं.

"एकले आन् दोनले."

"तीन, चारले?"

"आतून नाई लावलं. पट्टी नखात बसली माह्या. तेच सांगून राह्यली मी! आता उन्हात पाह्यलं, तं तीनच्या आन् चारच्या चकतीवरबी लाल वळ हाये. गोल. म्या लावलंच नाई तं लाल आलं कुठून?"

मास्तर म्हणाले, "तूच सांग. कुठून आलं?"

देवकाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याच्या तोंडातून. याचं तोंड खरकटं हाये. याच्या तोंडात जे घालसान ते नासन. हे पाचवी याले देऊ नका."

मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. पाय धरायला मला हात नाहीत, तो भाग वेगळा.

"बरोबर," उद्धवराव म्हणाले. बस्स, एवढंच. वर्गात बरोबर उत्तर आल्यावर म्हणत असतील तसंच. मग म्हणाले, "मले इचारून कुंकू लावलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"तुमच्यासाठीच लावलं ना वो," देवकाबाई म्हणाल्या आणि आता त्या रडल्या.

दुपारच्या बसने सासू-सून आदिलाबादला निघाल्या. पाचवी पुन्हा राहीबाईंच्या डब्यात, ज्वारीच्या दाण्यांत. डबा देवकाबाईंच्या मांडीवर. आशाबाईंनी धरते म्हटलं तर दिला नाही. पुढचं मी पाहिलेलं नाही, परत आल्यावर ऐकलेलं आहे. दुकानात दौलतने फ्लॉपी मागितली, तर देवकाबाईंनी आधी त्याच्या कॉम्प्युटरच्या तोंडात डोकावून पाहिलं. "याचं तोंड धुतेलं हाये का?" दौलतला हसू आलं, पण सगळी हकीकत ऐकल्यावर त्याने सुपारी थुंकली आणि कापसाला स्पिरिट लावून खरोखरच आधी जीभ पुसून घेतली. मग पाचवी आत गेली. आशाबाईंनी डोळे मिटले होते. देवकाबाईंनी मिटले नव्हते. त्या पडद्याकडे बघत होत्या, आणि त्यांना वाचता येत नसलं तरी अक्षरं ओळीने खाली सरकायला लागलेली त्यांना दिसली. त्यांनी दौलतच्या हाताला धरून विचारलं, "आलं?" तो म्हणाला, "आलं, मावशी." आधी दोन प्रती काढल्या, मगच बाकीचं बोलणं झालं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सांगितलं, तेव्हा मास्तरांनी नुसतं विचारलं, "किती कमी?" बाळंतपणामुळे पाचवी दोन सोमवार आलीच नव्हती. तेवढ्या दिवसांचे एकशे बारा शब्द गेले होते. ते मास्तरांनी चार दिवसांत आठवून आठवून सांगितले, सात-आठ राहिलेच. माझं तोंड दौलतने येऊन धुतलं. कापूस लालभडक निघाला. देवकाबाईंनी तो कापूस बघितला आणि दुसरीकडे पाहिलं.

पुस्तक पुढच्या उन्हाळ्यात छापून आलं. निळ्या कव्हरचं. धोंडीबाचा मुलगा तेव्हा आठवीत होता. पहिली प्रत मास्तरांनी त्याच्या हातात दिली. तो कसा दिसतो हे मास्तरांना दिसलं नाही, डोळे तोवर पूर्ण गेले होते. त्यांनी त्याला मोठ्याने वाचायला लावलं. पोराने मधलंच पान उघडून वाचलं: "वित्तनम. बी. निम्मं घरी ठेवावं, निम्मं बहिणीच्या घरी. आणि बहिणीच्या घरचं बी आपल्या कणगीत ओतण्याआधी कणगी पुसून घ्यावी." हे शेवटचं वाक्य मास्तरांनी नंतर घातलं होतं. देवकाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "घातलं का मले पुस्तकात!"

"नाव नाई घातलं," मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला देवकाबाई ताट घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बोटावर कुंकू घेतलं आणि बोट हवेतच धरून विचारलं, "आशे, कुठं लावू?" आशाबाई जवळ आल्या आणि माझ्या पेटीच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, जिथे आत काही नाही, नुसता पत्रा. "इथं लावा आई." पाटावर त्या दिवशी नव्या चारच फ्लॉप्या होत्या. हिवरीला सुवेर-सुतक काही नव्हतं, तरी देवकाबाईंनी निरोप धाडला नव्हता. "पाचवीले येऊ नका देऊ," त्या म्हणाल्या. "तिची पूजा तिकडंच."

मग माझ्याहून वेगाने चालणारा कॉम्प्युटर घरात आला आणि मी कोठीत आलो. जगाची रीतच आहे, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. तुम्हाला सांगायचं ते एवढंच. जे तुम्हाला जपायचं आहे, त्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. एका पेटीत दोन खोल्या केल्या म्हणजे दोन घरं होत नाहीत. आणि सगळं गेलं, एकच प्रत उरली, तर ती घाईने कोणाच्याही तोंडात घालू नका. आधीच्या कशाने गेल्या ते बघा. तुमच्या हातून चूक झाली असेल तर ती तेव्हाच सांगा. उशिरा सांगितलेली चूक माझ्यासारख्याच्या पोटात जाते आणि मग कोणाला काढता येत नाही.

गेल्या खंडेनवमीलाही देवकाबाई कोठीत आल्या होत्या. आता त्यांना वाकवत नाही. त्यांनी कोंबडीला हुसकलं, माझ्यावरचं गवत झाडलं, बोटावर कुंकू घेतलं. आशाबाई स्वयंपाकघरात होत्या. कोठीत दुसरं कोणी नव्हतं. तरी बोट पत्र्याला लावण्याआधी त्या थांबल्या.

"इथंच ना?" त्यांनी मला विचारलं.

इथंच, देवकाबाई. इथंच.